भिंगावर झाकण होतं

या पानावर मला ओळखणारे बरेच जण असतील, आणि त्यातल्या निम्म्यांशी तरी माझं भांडण झालेलं आहे. कुणी पिंपळाखालच्या बाईची गोष्ट टाकली की खाली पहिली खवचट प्रतिक्रिया माझी. कुणी म्हणालं आजोबा स्वप्नात येऊन गेले, की मी झोप, मेंदू आणि आठवण यांवर लांबलचक लिहून मोकळी. त्यामुळं आज मीच इथं लिहायला बसलेय यावर हसायचं तर खुशाल हसा. तुमच्या जागी मी असते तर हसलेच असते.

माझे वडील, अप्पा, उदगीरला शिक्षक होते. सुट्टीच्या दिवशी ते बुवाबाजी, हुंडा, जातीचा माज यांच्याविरुद्ध पत्रकं छापून बाजारात वाटायचे. घड्या घालायचं काम माझं. अक्षरओळख मला त्याच कागदांवरून झाली. भूत, करणी, मुहूर्त हे शब्द मी शिकले तेच मुळी पुढच्या प्रश्नचिन्हासकट. अप्पा गेले, पण ती सवय गेली नाही. आताही अन्याय दिसला की माझ्या डोक्यात आधी पत्रकाचा मथळा तयार होतो, मग बाकीचं.

हल्ली मी नांदेडला असते. एका कॉलेजात तासिकेवर शिकवते आणि उरलेल्या वेळात जुने कॅमेरे जमवते. जुने म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात बनलेले, रिळाचे — जपानी, रशियन, जर्मन. त्यातही फक्त रेंजफाइंडर. माझ्याकडचे बहुतेक बंद पडलेलेच आले, कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या बंद झालेल्या स्टुडिओतून. मी ते उघडते, पुसते, चालू करते. बॅटरी नाही, चिप नाही. स्प्रिंगा, दातेरी चाकं, छोटे आरसे. काय कशामुळं होतं ते बोट ठेवून दाखवता येतं, म्हणून तर मला ते आवडतात.

रेंजफाइंडर म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. या कॅमेऱ्यात आपण बघतो एका खिडकीतून आणि फोटो निघतो दुसऱ्याच भिंगातून. खिडकीच्या मधोमध एक पिवळसर चौकोन असतो. त्यात समोरचा माणूस दोनदा दिसतो, एकावर एक सरकलेला. भिंगाची कडी फिरवत गेलं की ती दोन माणसं जवळ येत येत एक होतात. एक झाली की फोकस झाला. फक्त एक गोम आहे... भिंगावरचं झाकण काढायचं राहिलं तरी खिडकीतून सगळं स्वच्छ दिसत राहतं. कॅमेरा काही सांगत नाही. रेंजफाइंडरवाल्या प्रत्येकानं कधी ना कधी झाकणासकट फोटो काढलेले असतात. आम्ही आपसात त्यावर हसतो.

आता मूळ गोष्ट.

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला गंगूआत्या वारली. अप्पांची थोरली बहीण, जळकोटला राहायची. फोन सकाळी आला. आदल्या दिवशी मी विष्णुपुरीला धरणावर एका रशियन कॅमेऱ्याचं शटर तपासायला गेले होते. तो कॅमेरा रिळासकट पिशवीतच होता. तशीच पिशवी उचलली आणि कंधारवरून जाणारी बस धरली. धूळ नको म्हणून भिंगावर पत्र्याचं झाकण घट्ट बसवलेलं होतं.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, पुरतात, आणि तेही बसवून. आधी मांडी घालून भिंतीला टेकवून बसवायचं, कपाळभर विभूती, तळहातावर जन्मभर गळ्यात बाळगलेलं छोटं इष्टलिंग. घरचे सगळे दोन्ही बाजूंना उभे राहतात आणि एक फोटो निघतो. बाहेरच्यांना ते विचित्र वाटतं. आमच्याकडं घरोघरी असा फोटो भिंतीवर असतो.

मी पोचले तेव्हा आत्याला ओसरीवर भिंतीला टेकवून बसवलं होतं. हिरवं लुगडं, झेंडूच्या माळा. डोळे मिटलेले. आणि आतेभाऊ बसूदादा लोकांना घाई करत होता.

घाई कसली, ते मला ठाऊक होतं. आत्याची मुलगी महानंदा हैदराबादला दवाखान्यात नर्स आहे. तिथल्याच एका मुलाशी तिनं लग्न केलं, जातीबाहेर. तेव्हापासून तिला जळकोटचं दार बंद. आत्या शेजारणीच्या फोनवरून चोरून तिच्याशी बोलायची, तेवढंच. आई गेल्याचं कळताच महानंदा निघाली होती.

“बसूदादा, ती बिदरच्या पुढं आलीय. थोडं थांबा.”

“कोण ती?”

“महानंदा.”

“या घरात एकच लेकरू हाय. मी.”

“आई गेलीय तिची. शेवटचं तोंड तरी बघू दे.”

“तिची आई तवाच गेली, जवा ती गेली. स्वामी म्हणायलेत, दिवस बुडायच्या आत माती व्हावी.”

ऊन तेव्हा डोक्यावर होतं. मी वर बोट दाखवलं. विधी सांगायला आलेले जंगमस्वामी चहा पीत होते, ते कपातच बघत राहिले. मग माझा तोल गेला. ज्या धर्मात आठशे वर्षांपूर्वी पोरांचं जातीबाहेर लग्न लावलं म्हणून बापांना हत्तीच्या पायी दिलं, त्या धर्माची विभूती कपाळाला फासून तुम्ही पोरीला आईचं तोंड बघू देत नाही... असं बरंच काही मी ओरडले. बायका खाली बघायला लागल्या.

“भाषण बाहेर रस्त्यावर दे,” बसूदादा म्हणाला. “शोभतीस मामाची लेक.”

मग त्यानं आणखी एक केलं. सगळ्यांचे मोबाइल मागितले. फोटो निघून महानंदाकडं जायला नको, व्हिडिओ कॉल नको. एक सिमेंटचं घमेलं आणलं आणि त्यात एकेकाचा फोन टाकायला लावला. शेजारची काशीबाई म्हणाली, “आरं, माझ्यात नुसती भजनं हायेत.” तिचाही टाकला. माझा पिशवीच्या वरच्या कप्प्यात होता, त्यानं स्वतः काढून घेतला. थोड्या वेळानं घमेल्यात माझा फोन वाजायला लागला. बंद झाला, परत वाजला. अंगणातल्या प्रत्येकाला कळत होतं कोणाचा आहे. कुणी हललं नाही.

मी म्हणाले, “बरं. थांबू नका. पण फोटो मी काढणार. माझ्याकडं रिळाचा कॅमेरा आहे, त्यातून कुणाला काही जात नाही.”

त्यानं कॅमेरा हातात घेऊन उलटापालटा केला. “चालतंय का हे? डबा हाय नुसता.”

“चालतं. आणि आत्ताच सांगते, धुतला की हा फोटो मी महानंदाला देणार.”

“धुवून येईल तवा बगू. काढ. अन् लवकर.”

म्हणजे महानंदाला आईचं शेवटचं तोंड दिसणार होतं ते फक्त त्या एका कॅमेऱ्यातून.

मी आत्याच्या समोर अंगणात गुडघ्यावर बसले. बसूदादा, वहिनी आणि भावकीतले चार लोक आत्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीला लागून उभे राहिले. पिवळ्या चौकोनात दोन आत्या दिसत होत्या. कडी फिरवली, दोघींची एक झाली. कपाळावरच्या विभूतीचे पट्टे एकमेकांवर चपखल बसले. तीनदा शटर दाबलं. घमेल्यात फोन वाजतच होता.

आत्याला सजवलेल्या खुर्चीत बसवून उचललं, फाटकाबाहेर नेलं. कॅमेरा आत ठेवायचा म्हणून मी झाकण शोधायला लागले. ओढणीच्या गाठीत नाही, पिशवीत नाही. मग कॅमेऱ्याकडं बघितलं.

झाकण भिंगावर होतं.

भांडणाच्या नादात काढलंच नव्हतं. मी तशीच धावत सुटले. पुरायची जागा घरच्याच शेतात, जवळच होती. पण मी पोचेपर्यंत आत्याला खड्ड्यातल्या कोनाड्यात बसवून झालं होतं, बेलाच्या पानांनी आणि विभूतीनं तिचा चेहरा झाकून गेला होता. “एक मिनिट थांबा,” मी ओरडले, “फोटो आला नाही.” बसूदादानं कॅमेऱ्यावर हात ठेवला. “लई झालं तुझं,” म्हणाला, आणि पहिली मूठ माती त्यानंच टाकली.

महानंदा पोचली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. दार लावलेलं. ती शेतात गेली, ओल्या मातीवर हात ठेवून बसली. रडली नाही. मी तिथंच तिला सगळं सांगितलं, झाकणाचंसुद्धा. तिनं ऐकून घेतलं. रात्र आम्ही काशीबाईकडं काढली आणि दुसऱ्या दिवशी मी तिला माझ्याबरोबर नांदेडला आणलं. तशी हैदराबादला परत पाठवायला मन होईना.

दुपारी जेवताना तिनं विचारलं, “रीळ कधी धुतेस?”

“काय धुवायचं? कोरं असणार. झाकण होतं, आत प्रकाशच गेला नाही.”

“धू तरी.”

“महानंदा, प्रकाशाशिवाय फोटो येत नाही. हे श्रद्धेचं काम नाही.”

“मी दवाखान्यात असते शैला. नाडी लागत नसली तरी आम्ही दाबून बघतो.”

मी उठून पिशवीतून कॅमेरा काढला. काळं-पांढरं रीळ मी घरीच धुते. अंधाऱ्या पिशवीत हात घालून ते डबीत भरायचं, मग औषधाचं पाणी ओतायचं, हलवायचं, काढायचं. महानंदा दाराला टेकून बघत होती. धुवून झालं, रीळ बाहेर काढलं आणि खिडकीपाशी उजेडात धरलं. आधी विष्णुपुरीची चित्रं, पाणी, धरणाची भिंत, एक झोपलेलं कुत्रं. ती संपली. पुढची चौकट काचेसारखी आरपार कोरी. झाकण असलं की अशीच येते. त्याच्या पुढचीही कोरी.

तिसरीत चित्र होतं.

मला पहिल्यांदा आनंद झाला, खोटं कशाला सांगू. वाटलं, झाकण सैल असेल, कुठून तरी उजेड शिरला, आत्या आली. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं असतं, नीट कळत नाही. म्हणून मोबाइलवर रंग उलटे करून बघितलं.

आत्या नव्हती.

चित्रात अंगण होतं. अंगणात गुडघ्यावर बसलेली एक बाई, तोंडापुढं कॅमेरा धरलेली. तो सलवार-कुर्ता माझा. ती मी. माझ्या डाव्या हाताला घमेलं. मागं काशीबाई आणि गल्लीतल्या बायका, त्यांच्यामागं उघडं फाटक, आणि फाटकापलीकडं बसस्टँडकडून येणारा रस्ता. फोटोतल्या माझ्या हातातल्या कॅमेऱ्यावर, भिंग असतं त्या जागी, काळी गोल चकती होती. झाकण.

आणि चित्राच्या खालच्या कडेला, अगदी जवळ असल्यासारखा, धूसर असा एक उताणा तळहात होता. त्यावर इष्टलिंग.

महानंदानं फोन माझ्या हातातून घेतला आणि कितीतरी वेळ बघत राहिली. आई दिसेल म्हणून ती थांबली होती. त्या चित्रात सगळी गल्ली होती, फक्त आई नव्हती.

“तू का गं अशी अंधुक आलीस?” तिनं विचारलं.

“फोकस माझ्यावर नाही.”

“मग कशावर आहे?”

मला ते आधीच दिसलं होतं. सांगायचं नव्हतं. मी आत्यावर फोकस केला होता, म्हणजे भिंगाची कडी जवळच्या अंतरावर होती. पण या फोटोत जवळचं सगळं पुसट होतं — तळहात, मी, बायका, फाटकसुद्धा. स्वच्छ होता तो फक्त रस्ता. वळणावरची खडी, टायरच्या खुणा, कडेच्या बाभळीचे काटे... एकेक वेगळा मोजता येईल असा. रस्त्यावर कुणी नव्हतं.

मी बोट ठेवून दाखवलं.

महानंदा तेव्हा रडली. आदल्या दिवसापासूनचं सगळं रडली. मध्येच म्हणाली, “तवा मी उदगीरला उभी होते. जळकोटची बस लागत नव्हती.”

नंतर मी जे करता येईल ते केलं. कॅमेरा उघडला, शटरचे कापडी पडदे तपासले, कुठं भोक नाही. तेच झाकण लावून भर उन्हात दुसरं रीळ काढलं. सगळं कोरं आलं. दुसऱ्या कुणी फोटो काढला असेल? फोटोत दिसतं ते आत्या बसली होती तिथून, आणि तिच्या मागं भिंत होती. कॅमेरा तर फोटोतच माझ्या हातात आहे. त्या अंगणात दुसरा कॅमेरा नव्हता, मोबाइल सगळे घमेल्यात. आणि हे चित्र त्याच रिळावर आहे, विष्णुपुरीच्या कुत्र्याच्या पुढं. डोळ्यांचा भ्रम म्हणाल तर तो भ्रम स्कॅन होतो, प्रिंट होतो.

प्रिंट महानंदानं मागितली म्हणून काढली. ती हातात घेऊन म्हणाली, “बसूदादाला दाखवू.”

“नको. दाखवलंस तर उद्या त्या ओसरीवर नारळ फुटतील. आत्याला देवी करून टाकतील. याच्याविरुद्ध आपण आयुष्यभर...”

“आपण न्हाई, तू. फुटू दे की नारळ. दार तर उघडंल.”

मी प्रिंट पिशवीत ठेवली. आम्ही जळकोटला गेलो.

बसूदादा फाटकातच आडवा उभा राहिला. महानंदा रस्त्यावरच थांबली. मी प्रिंट त्याच्या हातात दिली. तो बघत गेला तसतसा त्याचा चेहरा बदलत गेला. घमेलं ओळखलं, काशीबाई ओळखली. तळहातावर त्याची नजर येऊन थांबली. इष्टलिंग त्यानंच ठेवलं होतं त्या हातावर.

“हे तू काढलंस?”

“मी त्यात आहे, दादा.”

“मग कोण काढलं? तितं आईशिवाय कुणी नव्हतं. बाजूला मी उभा होतो.” त्याचा आवाज बारीक झाला होता. त्या माणसाचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. “तू शिकलेली हायेस. तू खोटं बोलत न्हाईस, ते मला ठाव हाय. तू सांग शैले. आईनं काढला का हा फोटो? तू हाव म्हण. हाव म्हणलीस तर ह्या घडीला आत घेतो तिला.”

महानंदा माझ्याकडं बघत होती. एक शब्द होता. त्या एका शब्दावर तिचं माहेर होतं.

मी म्हणाले, “मला माहीत नाही.”

मग त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा जुना बसूदादा आला. “मंजे कॉम्प्युटरवर केलाव,” तो म्हणाला. “मेलेल्या आईच्या नावावर नाटक करायलाव.” प्रिंट त्यानं माझ्या अंगावर टाकली आणि फाटक लावून घेतलं. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

परतीच्या बसमध्ये महानंदा खिडकीकडं तोंड करून बसली होती. मी म्हणाले, “मला ते म्हणता आलं नाही गं.” ती म्हणाली, “हाव. मला ठाव हाय.” एवढंच. उदगीरला उतरून तिनं हैदराबादची बस धरली. आता तिचे फोन कमी येतात. प्रिंट तिच्याकडं आहे, निगेटिव्ह माझ्याकडं. तो कॅमेरा मी विकला नाही, वापरतही नाही.

आत्यानं काढला, असं मी अजूनही म्हणू शकत नाही. कारण मला ते माहीत नाही. आत्यानं नाही काढला, असंही आता म्हणवत नाही. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर सांगा. पण बरं वाटावं म्हणून नको. मला बरं वाटेल असं उत्तर त्या दिवशी माझ्या तोंडाशी होतं, आणि ते मी दिलं नाही म्हणून एक बाई रस्त्यावरच राहिली.